हरीण आणि मासा: अवधूताचे पंधरावे आणि सोळावे गुरू



आजचे श्लोक: श्रीमद्भागवत, अकरावा स्कंध, अध्याय ८, श्लोक १७ ते २१. काल आपण मध काढून नेणाऱ्यापाशी थांबलो होतो. आज दोन गुरू एकदम घेतोय, कारण सुटे सुटे वाचले की दोघेही फार सोपे वाटतात आणि आपण "हो, कळलं" म्हणून पुढे जातो.

मधूनच वाचायला लागलेल्यांसाठी थोडा संदर्भ. यदुराजाला एक तरुण अवधूत भेटतो. जवळ काही नाही, तरी स्वारी मजेत. यदू विचारतो, हा आनंद आला कुठून? त्यावर अवधूत आपल्या २४ गुरूंची यादी सांगतो: पृथ्वी, वारा, आकाश, अजगर, समुद्र, हत्ती वगैरे. आपल्याकडे हा अवधूत म्हणजे दत्तात्रेयच, असं मानतात. आणि ही गोष्ट श्रीकृष्ण उद्धवाला सांगतोय, निजधामाला जाण्याआधी. म्हणजे वेळ कमी आहे, आणि त्या कमी वेळात भगवंत हरणाबद्दल आणि माशाबद्दल बोलतोय.

हरणाबद्दल अवधूत म्हणतो की वनात राहणाऱ्या यतीने ग्राम्यगीत ऐकू नये. शिकाऱ्याच्या गाण्याला भुलून बांधल्या गेलेल्या हरणाकडून त्याने हे शिकावं. सोबत दाखला देतो ऋष्यशृंगाचा, जो हरिणीच्याच पोटी जन्मला होता. माशाबद्दल म्हणतो की जिभेच्या ओढीने तो गळाला लागतो आणि मरतो. मग एक वाक्य असं येतं की तिथे मी दरवेळी अडतो. अन्न सोडलं की बाकीची इंद्रियं लवकर ताब्यात येतात, पण जीभ येत नाही. उपाशी माणसाची रसना उलट वाढते. बाकी सगळं जिंकलं तरी जीभ जिंकली नाही तोवर तो माणूस जितेंद्रिय नव्हे.

प्रवचनात यावर नेहमी येणारं स्पष्टीकरण तुम्ही ऐकलं असेल. पाच प्राणी, पाच इंद्रियं. पतंग रूपाने, भुंगा वासाने, हत्ती स्पर्शाने, हरीण शब्दाने, मासा चवीने मरतो. माणसाला तर पाचही आहेत, मग त्याचं काय होईल? विवेकचूडामणीतही हेच पाच येतात. स्पष्टीकरण बरोबर आहे. पण आपल्या वयाचं कोणी समोर बसलेलं असलं की पुढचा प्रश्न ठरलेला: हरीण खरंच गाण्याला भुलतं का? की ही नुसती कविकल्पना?

प्रश्न चांगला आहे, आणि त्याला श्रद्धेचा अभाव समजून गप्प करू नये. अवधूताने हे गुरू ग्रंथात वाचून केलेले नाहीत, बघून केलेत. तर आपणही बघू. मी दोन प्राणी निवडलेत, एकमेकांपासून जितके लांब असू शकतील तितके: आफ्रिकेच्या घनदाट जंगलातला निळा डायकर आणि उत्तर ध्रुवाकडच्या थंड समुद्रातला ग्रीनलँड शार्क.

आधी डायकर. आपण मराठीत हरीण म्हणतो त्यात दोन वेगळी कुळं येतात. सांबर, चितळ यांची शिंगं दरवर्षी गळतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा यांची गळत नाहीत. या दुसऱ्या गटाला कुरंग म्हणतात. डायकर हा कुरंग. आपला चौशिंगा मेळघाटात, ताडोब्यात असाच लाजाळू, झुडपात दडणारा, पण निळ्या डायकरपुढे तो चांगलाच मोठा वाटेल. निळा डायकर खांद्यापाशी जेमतेम फूटभर उंच, वजन साधारण चार ते सहा किलो. म्हणजे घरातलं एखादं धष्टपुष्ट मांजर. गॅबन, कॅमेरून, काँगो इथल्या जंगलांपासून थेट दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या जंगलांपर्यंत तो सापडतो. जोडीने राहतो, छोटीशी हद्द सांभाळतो. वर झाडावर माकडं आणि पक्षी फळं खाताना जी खाली पाडतात, ती वेचून खातो. (अगदीच सोवळा नाही बरं का. डायकरांच्या काही जाती संधी मिळाली तर किडे आणि लहान पक्षीही खातात.)

डायकर हे नाव डच लोकांच्या भाषेतलं आहे, अर्थ डुबकी मारणारा. जरा चाहूल लागली की हा झुडपात सूर मारतो आणि नाहीसा होतो. त्या जंगलात दहा-पंधरा पावलांपलीकडचं नीट दिसत नाही, त्यामुळे कान हाच त्याचा पहारेकरी. बिबळ्या, गरुड, अजगर, माणूस, सगळ्यांच्या मेनूवर हा आहे. इतका लहान जीव तिथे टिकलाय तो ऐकण्याच्या जोरावर.

आणि त्याला पकडतात कसं? आवाजाने. मध्य आफ्रिकेतले शिकारी एका जागी दबून बसतात, नाक चिमटीत धरतात आणि संकटात सापडलेल्या डायकरसारखं नाकातून बेंबटतात. काही वेळात झुडपं हलतात आणि डायकर स्वतःच्या पायांनी समोर येतो. ही पद्धत इतकी भरवशाची आहे की जंगलात डायकर किती आहेत हे मोजायला संशोधकांनीही तीच हाक वापरली आहे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अकराव्या स्कंधातलं ते पान परत उघडलं. शिकारी आवाज काढतो, हरीण येतं. अवधूताला कविकल्पनेची गरज नव्हती.

पण इथे एक बारकावा आहे, जो आपल्या नेहमीच्या स्पष्टीकरणात निसटतो. डायकर काही चैनीला भुलून आलेला नाही. त्याने ऐकली ती मदतीची हाक. ज्या कानाने तो रोज जीव वाचवतो, त्याच कानाने ती ऐकली, आणि त्याची प्रतिक्रियाही त्याच्या जातीला शोभेशीच होती. शिकाऱ्याने त्याच्यात कुठला दुर्गुण नव्याने घातला नाही. जे चांगलं होतं त्याचीच नक्कल केली.

आता आपलं बघा. सतत सावध असणारी माणसं आपल्यात खूप आहेत. फालतू गाणी नाहीत, वेब सिरीज नाहीत, रील्स तर अजिबात नाहीत. चांगलंच आहे. पण अशा माणसाला पकडायला कोणी फालतू गाणं लावणारच नाही. त्याच्यासाठी येईल तो "धर्म संकटात आहे, दहा जणांना पाठवा" असा मेसेज. किंवा न सांगितलेल्या हॉस्पिटलमधल्या, न ओळखलेल्या बाळासाठीची मदतीची हाक. किंवा आजकाल, भावाच्या हुबेहूब आवाजात, "दादा, मी अडकलोय, लगेच पैसे पाठव." मी ज्या धंद्यात आहे तिथे नोटिफिकेशनच्या एका ओळीवर तास-तास चर्चा होते, आणि चर्चेचा विषय एकच असतो: काय म्हटलं की माणूस उघडेल? आपुलकी वापरायची, भीती, की "तुमची कोणीतरी वाट बघतंय"? नाक चिमटीत धरणं ते हेच.

म्हणून ऋष्यशृंगाचा दाखला मला फार नेमका वाटतो. तो काही ढिला साधक नव्हता. विभांडक ऋषींनी त्याला जगापासून इतका लांब वाढवला की त्याने स्त्री पाहिलीच नव्हती. सगळ्यात जास्त जपलेला मुलगा. अंगदेशात पाऊस पडेना, म्हणून राजाने गणिका पाठवल्या आणि तो त्यांच्यामागे चालत गेला. जपलेपणा हे संरक्षण पुरेसं नव्हतं.

आता दुसरं टोक.

ग्रीनलँड शार्क. कोकणात मुशी किंवा मोरी म्हणतात त्याच मोठ्या कुळातला, पण हा पाच मीटरच्याही पुढे वाढतो. उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिकच्या गारठ्यात राहतो, आणि दोन किलोमीटरपेक्षाही खोल पाण्यात दिसलेला आहे. पोहण्याचा वेग ताशी एक-सव्वा किलोमीटर, म्हणजे कीर्तनाला निघालेले आजोबा त्याला आरामात मागे टाकतील. वर्षाला एक सेंटिमीटरही वाढत नाही. पुष्कळांच्या डोळ्यांना एक परजीवी चिकटलेला असतो, लोंबणाऱ्या दोरीसारखा. हा शार्क मुख्यतः वासावर चालतो असं मानतात.

आणि वय! २०१६ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. माशाच्या डोळ्यातल्या भिंगाचा गाभा जन्माआधी तयार होतो आणि नंतर बदलत नाही. त्यातला किरणोत्सारी कार्बन मोजून २८ माद्यांचं वय काढलं. सगळ्यात मोठी मादी पाच मीटरची निघाली. तिचं वय अंदाजे ३९२ वर्षं, १२० वर्षं इकडेतिकडे. म्हणजे कमीत कमी धरलं तरी २७२. मधला आकडा धरला तर देहूला तुकोबा होते तेव्हा ही बया समुद्रात होती. या माद्या वयात येतात त्याच मुळी दीडशेव्या वर्षाच्या आसपास. आपण एका जन्मात ज्याला आयुष्य म्हणतो, ते तिचं बालपणसुद्धा नव्हे.

आता तिचं खाणं ऐका. शरीर इतकं संथ चालतं की सव्वादोनशे किलोच्या शार्कला दिवसाला सरासरी दोनशे ग्रॅमही अन्न लागत नाही, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. सव्वादोनशे किलोचं शरीर, आणि एक वाटी उसळीइतकं जेवण. मिताहाराच्या परीक्षेत याच्यापुढे आपल्यातला कोणताही उपासकरी बसू शकणार नाही.

तरी तो गळाला लागतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या लागत आलाय. आइसलँड, नॉर्वे, ग्रीनलँडचे लोक त्याच्या यकृताच्या तेलासाठी त्याला धरायचे. गळाला सीलची चरबी किंवा घोड्याचं मांस लावायचं, वास सुटायचा, तो यायचा. आज त्याच्यासाठी मुद्दाम गळ फारसे टाकत नाहीत. हॅलिबट नावाच्या चपट्या माशासाठी लांबच लांब दोऱ्या सोडतात, त्यावर शेकडो गळ. त्याला लागलेले मासे खायला हा शार्क येतो आणि दोरीत गुरफटतो. वयाच्या अभ्यासातले ते २८ शार्कही दुसऱ्या माशांच्या पकडीत असेच नकळत आलेले. म्हणजे बघा, आमिष दुसऱ्याचं, गळ दुसऱ्याच्या नावाचा, भूकही फारशी नाही, आणि तिथे तीन शतकं संपतात.

माशाबद्दलचा तो श्लोक आता परत वाचा. जेवण कमी केल्याने जीभ जिंकली जात नाही. इथे कमी जेवण पोथीत सांगितलेलं नाही, शरीराच्या घडणीतच आहे, तरी रस शिल्लक आहे. आपल्याकडे हे सांगायला अभ्यास लागत नाही, एकादशी पुरते. "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण उगाच नाही पडली. साबुदाणा, रताळं, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, आणि दुपारी बसून उद्या कुठे जेवायचं याची डिलिव्हरी ॲपवर पाहणी. पोट खरोखर रिकामं असतं तेव्हाही मन स्वयंपाकघरातच बसलेलं.

जेवणाबद्दल हे आहे तसंच बाकी "कमी करण्या"बद्दलही आहे. कपडे मोजके, घर रिकामं, सोशल मीडिया महिन्यातून एकदा. मिनिमलिझम ही चांगली सवय आहे, मला आवडते. पण गरजा कमी असणं आणि ओढ कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अवधूत पहिलीला दुसरीची पावती द्यायला तयार नाही.

म्हणून मी हे दोघे शेजारी ठेवले. एक चार-सहा किलोचा, दुसरा टनाच्या घरात जाणारा. एकाचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं, दुसऱ्याचं काही शतकांचं. एक सतत दचकणारा, दुसऱ्याला दचकणं ठाऊकच नाही. कुठेच मेळ नाही, आणि शेवट एकाच प्रकारे. डायकरला त्याच्या सावधपणाने वाचवलं नाही, शार्कला त्याच्या अल्पाहाराने नाही, दीर्घायुष्याने तर नाहीच. आणि आपण साधक म्हणवणारे बहुतेक जण नेमक्या याच दोन गोष्टींवर भरवसा ठेवून असतो: "मी सावध असतो" आणि "माझ्या गरजा फार नाहीत."

मग काय, कान बंद करायचे? जेवण सोडायचं? बहिरा डायकर तर दुसऱ्याच दिवशी बिबळ्याच्या पोटात जाईल. अवधूतही ऐकू नका असं म्हणत नाही. त्याने एक विशेषण लावलंय, ग्राम्य. ते विशेषण गाळून वाचलं की संन्याशाचा कोरडेपणा उरतो. ज्या ग्रंथात हे लिहिलंय तोच ग्रंथ प्रल्हादाच्या तोंडून भक्तीचे नऊ प्रकार सांगतो तेव्हा सुरुवात श्रवणाने करतो. कान हे पहिलंच दार आहे.

जिभेबद्दल गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ५९वा श्लोक जोडून वाचा. निराहारी माणसापासून विषय दूर होतात, पण गोडी राहते. आणि ती गोडीही जाते ती त्याहून मोठं काही दिसल्यावर. उपाय इथे आहे. कमी खाण्याने गोडी हटत नाही, जास्त गोड काही मिळालं की हटते. एकादशीचा उपास यात फुकट जात नाही, पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा म्हणजे त्या दिवशी कानावर आणि जिभेवर दुसरं काय आलं.

हे दोन्ही एकत्र ज्याच्या आयुष्यात घडलं तो माणूस भागवतातच बसलेला आहे, आणि तो म्हणजे परीक्षित राजा. पहिल्या स्कंधाच्या १८व्या अध्यायात तो धनुष्य घेऊन हरणांच्या मागे रानात गेलेला असतो. म्हणजे तो सुरुवात करतो शिकाऱ्याच्या बाजूने. दमतो, भूक लागते, घसा कोरडा पडतो, शमीक ऋषींच्या आश्रमात पाणी मागतो. ऋषी ध्यानात, उत्तर येत नाही. आणि तहानलेला, भुकेला, एरवी अत्यंत समंजस असा राजा मेलेला साप उचलून त्यांच्या गळ्यात टाकतो. एका दुपारच्या भुकेने एवढं केलं. मग शाप, सात दिवसांची मुदत.

ते सात दिवस तो गंगेच्या काठी अन्न सोडून बसतो आणि शुकांकडून ऐकतो. दहाव्या स्कंधाच्या सुरुवातीला तो शुकांना सांगतो की ही सहन न होणारी भूक, आणि मी तर पाणीही सोडलंय, तरी मला काही त्रास होत नाहीये, कारण तुमच्या मुखातून हरिकथा पितोय. माणूस तोच, भूक तीच, तहान तीच. पहिल्या वेळी अर्ध्या दिवसात तोल गेला. दुसऱ्या वेळी मरण समोर असताना तो "पुढे सांगा" म्हणतोय. फरक पडला तो कानाला काय मिळालं यामुळे.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी या दोन श्लोकांवरून फार मोठे नियम केले नाहीत. सकाळी फोनचा पहिला आवाज ऐकायच्या आधी हरिपाठ कानावर पडलेला असावा, एवढं बघतो. एखादी हाक फारच काळजाला भिडली तर आधी त्या माणसाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन लावतो. खरी असली तर मदत अजून नीट करता येते. आणि एकादशीला फराळाच्या यादीआधी त्या दिवशीचा अध्याय ठरवतो. कधी जमतं, कधी खिचडी जिंकते.

ज्यांना मराठीतून खोलात जायचंय त्यांनी एकनाथी भागवतातला आठवा अध्याय काढावा. नाथांनी अकराव्या स्कंधावरच ती टीका लिहिली आणि काशीत पूर्ण केली. हरीण आणि मासा हे दोन गुरू लागोपाठच येतात, शोधायला त्रास नाही.

उद्या श्लोक २२ पासून पिंगला. विदेहनगरीतली गणिका, आणि अवधूताची गुरू. अध्याय संपेपर्यंत तिचीच गोष्ट आहे, तेव्हा जमलं तर आधी एकदा वाचून या.

राम कृष्ण हरी.